शालेय रात्र-शिबिरातील निवारा
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र-संमेलनातील भाषण)



सुगी आटोपली, शेते मोकळी झाली आणि हवेत गारठा आला, की प्राथमिक शाळांतून मुक्कामी सहलीचा विषय निघू लागतो. चूल मांडणे, दिशा ओळखणे, आकाशातील तारे पाहणे, आपले अंथरूण आपण घालणे व काढणे, चार सोबत्यांशी जमवून घेऊन एक रात्र काढणे, हे शिक्षण वर्गाच्या चार भिंतींत मिळत नाही, हे सर्वांस मान्य आहे. परंतु विषय निघतो आणि पुष्कळदा एकाच प्रश्नापाशी अडतो : मुले रात्री निजणार कोठे? तंबू भाड्याने आणावेत तर वर्गणी वाढते. आणि वर्गणी वाढली की पहिल्याने गळतात ती मजुरांची मुले. 'घरी काम आहे' असे सांगून ती मागे राहतात. खरे कारण ती बोलत नाहीत. पण गुरुजींना ते ठाऊक असते. उलट, खर्च नको म्हणून मुलांना उघड्यावर निजवावे, तर दव, गारठा, डास आणि सरपटणारे जीव यांच्या स्वाधीन त्यांना करावे लागते. या दोहोंच्या मधली वाट कोणती, याचा विचार आज करावयाचा आहे.

इ. स. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी सुमारे वीस मुलांचे एक प्रायोगिक शिबिर भरविले. बालवीर चळवळीचा उगम तेथे झाला. त्या शिबिरात सधन घरांतील आणि कामकरी घरांतील मुले मुद्दाम एकत्र घेतली होती, आणि कामकरी घरांतील मुलांकडून वर्गणी कमी घेतली होती. एकाच कापडाखाली सर्वांनी निजावे हा त्या शिबिराचा एक पाठच होता. आपल्या शाळेच्या शिबिरातही निवारा निवडताना प्रथम हेच पाहावे, की त्याच्या खर्चापायी एकही मूल घरी राहता कामा नये.

आता निवाऱ्याचे काम काय, ते पाहू. निवारा म्हणजे केवळ डोक्यावरचे छप्पर, अशी समजूत असते. वस्तुतः त्याची तीन अंगे आहेत : वरचे, खालचे आणि भोवतालचे.

वरचे अंग दव आणि वारा यांपासून राखते. हिवाळ्यातील निरभ्र रात्री जमिनीवरच्या वस्तू आपली उष्णता आकाशाकडे सोडीत राहतात व भोवतालच्या हवेहूनही थंड होतात. त्यामुळे हवेतील बाष्प त्यांवर पाणी होऊन बसते. उघड्यावर निजलेल्या मुलाचे पांघरूण पहाटे ओले होते ते याच कारणाने. मध्ये एखादे पातळ आच्छादन असले तरी हे बहुतांशी टळते. म्हणून आपल्याकडील कोरड्या थंडीत छप्पर जाड असण्याची गरज नाही. ते असण्याची गरज आहे.

खालच्या अंगाकडे मात्र दुर्लक्ष होते. निजलेल्या माणसाच्या भाराने अंथरूण दबते आणि अंगाची ऊब सरळ जमिनीत जाऊ लागते. दोन पांघरुणे घेऊनही मूल कुडकुडत असेल, तर दोष बहुधा वरचा नसून खालचा असतो. भाताचा पेंढा किंवा वाळलेले गवत झटकून, विंचूकाटा नाही याची खात्री करून चार बोटे जाडीने पसरावे. त्यावर जुनी ताडपत्री आणि तिच्यावर सतरंजी व घोंगडी घालावी. एवढ्या तयारीने जी ऊब मिळते, ती महागड्या तंबूने मिळत नाही.

भोवतालचे अंग म्हणजे मच्छरदाणी. तिचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

निवाऱ्याचे जे प्रकार शाळेला मिळू शकतात, त्यांचे गुणदोष आता पाहू. पहिला प्रकार जाड सुती कापडाची राहुटी. तिच्यातून हवा खेळते, आणि पावसाने धागे फुगून कापडाची वीणही घट्ट होते. परंतु ती फार जड असते, भिजली म्हणजे अधिकच जड होते, आणि ओली ठेवली तर तिला बुरशी लागते. गाडी अगदी मुक्कामापर्यंत जात असेल तरच तिचा विचार करावा.

दुसरा प्रकार म्हणजे बाजारात मिळणारा नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा घुमटाकार तंबू. तो हलका असतो व थोड्या वेळात उभा राहतो. तळाला कापड आणि दाराला जाळी असल्यामुळे किडामुंगीही आत येत नाही. मात्र वर्गातील सर्व मुलांना पुरतील इतके तंबू घ्यावयाचे, तर सामान्य शाळेला तो खर्च झेपत नाही. 'चार माणसांचा' असे लिहिलेल्या तंबूत चार माणसे सामानासह मोकळेपणी निजू शकत नाहीत, हेही जाणून असावे. शिवाय एकेरी कापडाचा स्वस्त तंबू सर्व बाजूंनी बंद केला, तर निजलेल्यांच्या श्वासातील बाष्प आतल्या बाजूस जमून पहाटे तेच ठिबकू लागते. अजाण मुले 'तंबू गळतो' म्हणतात; वास्तविक हवेची वाट बंद झालेली असते.

तिसरा प्रकार आपल्या परिचयाच्या प्लॅस्टिकच्या ताडपत्रीचा. दोन काठ्या, एक दोरी आणि चार-सहा मेखा यांच्या साहाय्याने तिचे पाल होते. ही वस्तू तालुक्याच्या बाजारात मिळते, फाटली तर सांधता येते, आणि शिबिर नसेल तेव्हा शाळेच्या शंभर कामांना उपयोगी पडते. हिवाळ्यातील एक-दोन रात्रींच्या मुक्कामास हाच निवारा सर्वांत सोयीचा, असे म्हणावयास हरकत नाही.

याचे गणित मुलांकडूनच करून घ्यावे. समजा, सातवीच्या वर्गात १६ मुलगे व ८ मुली आहेत. १८ फूट लांब व १२ फूट रुंद अशी एक ताडपत्री घेतली. तिच्या मध्यावरून १८ फुटांची आढ्याची दोरी गेली, म्हणजे दोन्ही अंगांस सहा-सहा फुटांचा उतार मिळाला. आढे चार फूट उंच ठेवले, तर काटकोन त्रिकोणाच्या नियमाने प्रत्येक बाजूस जमीन सुमारे साडेचार फूट व्यापली जाते. म्हणजे पालाची एकूण रुंदी नऊ फूट झाली. मुलांनी आडवे, एका ओळीत निजावे. दर मुलास दोन फूट धरले तर १६ फुटांत आठ मुले मावतात, आणि दोन्ही तोंडांशी एकेक फूट मोकळा राहतो. उताराच्या कडेला पिशव्या ठेवाव्यात. म्हणजे २४ मुलांना तीन पाले पुरली : दोन मुलग्यांची व एक मुलींचे. बाईंची निजण्याची सोय मुलींच्या पालालगत आणि गुरुजींची मुलग्यांच्या पालांलगत, छोट्या स्वतंत्र पालात करावी.

आता वजन. १८ फूट गुणिले १२ फूट म्हणजे सुमारे २० चौरस मीटर. ताडपत्रीच्या वेष्टनावर दर चौरस मीटरचे वजन ग्रॅममध्ये छापलेले असते. १५० ग्रॅमची घेतली तर ती तीन किलो भरते, २५० ग्रॅमची घेतली तर पाच किलो. कोरड्या हंगामासाठी पहिली पुरेशी आहे. खाली अंथरावयाची लहान ताडपत्री, मच्छरदाण्या, दोऱ्या व मेखा मिळून आणखी पाच-साडेपाच किलो धरावे. हा सर्व भार आठ जणांत वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्यास एक किलोच्या आसपास येतो. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावे, असे केंद्र शासनाच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणात सांगितले आहे. तोच दंडक येथे लावला, तर ३० किलो वजनाच्या मुलाच्या पाठीवर तीन किलोंहून अधिक भार नको. निवाऱ्याचा एक किलो वजा जाता पांघरूण, ताट-वाटी आणि पाणी यांसाठी दोनच किलो उरतात. म्हणून निवारा हलका असणे ही चैन नव्हे, ती गरज आहे.

पाल उभारण्यापूर्वी जागा पाहावी. ओढ्याचे कोरडे पात्र वर्ज्य समजावे. वर कोठे पाऊस झाला तर पाणी सूचना देऊन येत नाही. खोलगट जागाही टाळावी, कारण रात्री थंड हवा जड होऊन तेथेच साचते. वाळक्या फांद्यांचे झाड आणि आग्या मोहोळ असलेला कडा यांपासून दूर राहावे. वारुळे, दगडांचे ढीग व उंदरांची बिळे जवळ नसावीत. जेथे उंदीर तेथे साप. पालाची पाठ वाऱ्याकडे करावी. तणावे बाहेरच्या बाजूस ताणून मेखा तिरप्या ठोकाव्यात, म्हणजे त्या उपटून येत नाहीत. ताडपत्रीची कडी तुटली असल्यास त्या जागी एक गुळगुळीत खडा आतून धरून, कापडासकट त्याच्या मानेला दोरी बांधावी. ती कडीइतकीच पक्की बसते. दोन्ही तोंडे पूर्ण बंद करू नयेत.

आता मच्छरदाणीविषयी. शिक्षकांनी या भागाकडे विशेष लक्ष द्यावे. मण्यार हा अत्यंत विषारी साप रात्री हिंडतो आणि जमिनीवर निजलेल्या माणसास झोपेत दंश करतो. या दंशाच्या जागी सूज नसते, वेदना फारशी नसते, खूणही पुष्कळदा दिसत नाही. त्यामुळे पहाटे पोटात दुखते म्हणणाऱ्या मुलास अपचन झाले असे समजून निजवून ठेवले जाते, आणि मोलाचा वेळ जातो. पोटदुखी किंवा ओकारी, पापण्या जड होणे, बोलण्यास व गिळण्यास त्रास होणे, यांपैकी काहीही दिसताच सर्पदंशाचा संशय घ्यावा. जखम कापू नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे जाऊ नये. मुलास धीर द्यावा, चालू देऊ नये, आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका किंवा मिळेल ते वाहन घेऊन रुग्णालय गाठावे. आपल्याकडे वापरली जाणारी प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर देतात. मुक्कामाची जागा ठरविण्यापूर्वीच ही लस जवळ कोणत्या रुग्णालयात आहे व वाटेत किती वेळ लागतो, हे विचारून ठेवावे.

हे सर्व टाळण्याचा सोपा उपाय म्हणजे मच्छरदाणी. तीन मुलांत एक पुरते. ती आढ्याच्या दोरीस टांगून तिच्या कडा चहूबाजूंनी अंथरुणाखाली घट्ट खोचाव्यात; कडा मोकळ्या राहिल्या तर ती असून नसल्यासारखी होते. मुले निजल्यावर गुरुजींनी व बाईंनी विजेरी घेऊन आपापल्या पालांची प्रत्येक कड तपासावी. पालात खाद्यपदार्थ ठेवू नयेत. त्यांच्यामागे उंदीर येतात. रात्री उठणाऱ्या मुलाने विजेरी व सोबती यांवाचून बाहेर जाऊ नये, आणि सकाळी पादत्राणे झटकूनच पायांत घालावीत.

दोन निषेध कटाक्षाने पाळावेत. थंडी कितीही असली तरी पालात शेगडी किंवा निखारे नेऊ नयेत. कोंडलेल्या जागेत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू जमतो; त्याला वास नसल्यामुळे निजलेला माणूस जागाही होत नाही. प्लॅस्टिक व नायलॉन तर ठिणगीने वितळून अंगास चिकटते. दुसरे असे, की विजांचा गडगडाट सुरू झाल्यास कोणत्याही तंबूत थांबू नये. मुलांना जवळच्या पक्क्या इमारतीत न्यावे. म्हणून शाळा, धर्मशाळा अथवा मंदिराचा सभामंडप जवळ असलेलीच जागा निवडावी. आभाळ भरलेले असेल तर त्या तयार छपराखाली निजण्यात कमीपणा नाही. पालकांची लेखी संमती आणि जागेच्या मालकाची, वनखात्याची किंवा संबंधित कार्यालयाची परवानगी या गोष्टी तर आधी हव्यातच.

शेवटी एक गोष्ट. ऊसतोड कामगारांच्या मुलांचे वर्षातील कित्येक महिने कोपीत जातात. मेंढपाळांच्या मुलांनी तर वाटेवर कितीतरी वेळा पाल मोडलेले व ठोकलेले असते. वर्गात ही मुले मागे समजली जातात. परंतु वारा कोठून येतो, मेख कोणत्या जमिनीत धरते, दोरी किती ताणावी, हे ती गुरुजींहूनही अधिक जाणतात. पाल उभारण्याच्या वेळी दोरी त्यांच्या हाती द्यावी, आणि इतरांनी त्यांच्याकडून शिकावे. मात्र त्यांच्या घरची ओढग्रस्त चारचौघांत मांडू नये. त्यांचे कसब तेवढे पुढे आणावे. वर्षभर मागच्या बाकावर बसणारा मुलगा त्या संध्याकाळी आठ जणांचे घर उभे करतो, हे वर्ग विसरत नाही, आणि तो मुलगाही विसरत नाही.

प्रत्यक्ष मुक्कामापूर्वी एका शनिवारी शाळेच्या पटांगणात एक पाल उभारून पाहावे. त्याखाली मुलांना ओळीने निजवून मापे ताडून घ्यावीत, आणि वरून दोन घागरी पाणी ओतून गळते कोठे ते पाहावे. शिबिराहून परत आल्यावर ताडपत्र्या सावलीत पूर्ण वाळवून, घडी घालून कपाटात ठेवाव्यात. सतत उन्हात राहिलेले प्लॅस्टिक ठिसूळ होते. अशी काळजी घेतली तर एकदा घेतलेले साहित्य पुढील वर्गांच्याही उपयोगी पडते, दरवर्षी वर्गणी मागावी लागत नाही, आणि 'घरी काम आहे' असे सांगून कोणाला मागे राहावे लागत नाही.