हात पुसू नका



 छायाचित्रकारांच्या या अधिवेशनाच्या अध्यक्षपदाच्या खुर्चीत माझ्याआधी बसलेल्यांपैकी काहींच्या डार्करूममध्ये मी ट्रे धुतले आहेत. त्यांना वंदन. 

अध्यक्षांनी वर्षाचा आढावा घ्यावा असा आपला प्रघात आहे. तो मी घेते, पण लवकर आटोपते. कॅमेरे महागले, फोटो छापून घेणारं गिऱ्हाईक कमी झालं, पेनड्राइव्ह मागणारं वाढलं, लग्नसराईत हाताखाली मुलं मिळेनाशी झाली. हे सारं कालच्या परिसंवादात बोलून झालं आहे. मला आज एकच गोष्ट मांडायची आहे आणि ती मांडायला मी बरीच वर्षं थांबले आहे. तान्ह्या बाळाला ज्या हातानं धरलेलं असतं, तो हात आपण फोटोतून पुसतो. हे थांबलं पाहिजे.

लग्नाचं आणि जाहिरातीचं काम करणारे इथे पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी थोडं उलगडून सांगते. बाळ पालथं, कोपरं टेकलेली, हनुवटी दोन्ही तळव्यांवर, डोळे मिटलेले. ही बेडकाची पोज तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. तान्ह्या बाळानं मान धरायला तीनेक महिने जातात. मग दहा दिवसांचं बाळ असं बसतं कसं? बसतच नाही. एका फोटोत कुणीतरी त्याचं डोकं धरतं, दुसऱ्या फोटोत मनगटं धरतं, मग संगणकावर दोन्ही फोटो जोडतात आणि हात पुसून टाकतात. जाणकार फोटोग्राफर असंच करतात आणि बाळाला इजा होऊ देत नाहीत, हे मला मान्य आहे. पण बाहेर जातं ते शेवटचं चित्र. ते मोबाइलवर पाहून आई म्हणते, मला अस्संच हवं. आणि कालपरवा स्टुडिओ उघडलेला मुलगा, ज्याला ही जोडणी कुणी शिकवलेली नाही, तो बाळाला खरोखरच तसं टेकवू पाहतो. हनुवटी छातीवर दबली की तान्ह्याचा श्वास कोंडू शकतो. हा धोका त्या मुलाच्या अडाणीपणातून आला असं आपण म्हणतो. मी म्हणते, तो आपण पुसलेल्या हातातून आला.

ही खोड संगणकानं लावलेली नाही. एकोणिसाव्या शतकात एक फोटो काढायला काही सेकंद लागत आणि तेवढा वेळ बाळ स्थिर राहत नसे. युरोप-अमेरिकेतले फोटोग्राफर आईला खुर्चीवर बसवत, तिच्या डोक्यावरून चादर टाकत आणि वर बाळ ठेवत. छापताना अंडाकृती चौकट लावली की चादरीखालची बाई बहुतेक झाकून जाई. असे फोटो आज शेकड्यांनी जपलेले आहेत. बाळ गोजिरवाणं असतं आणि त्याच्या मागे एक गाठोडं असतं. ते गाठोडं म्हणजे त्याची आई.

आपल्याकडे ही कला लवकर आली. १८३९मध्ये तिची जगाला खबर मिळाली आणि १८५४मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. १८९२मध्ये लाला दीनदयाळांनी हैदराबादेत जनाना स्टुडिओ काढला, तिथे कॅमेरा बाईच्या हाती होता. एवढी थोर परंपरा, पण तान्ह्या बाळाच्या फोटोत आपणही आईला लपवतच आलो. माझ्या वडिलांच्या स्टुडिओत काचेच्या निगेटिव्हांची लाकडी पेटी होती. त्यातली एक काच मी अजून जवळ ठेवली आहे. वेताच्या खुर्चीत वर्षाच्या आतलं मूल, अंगात कुंची, पायात वाळे. काच उजेडाशी धरली की खुर्चीच्या पाठीमागून आलेली चार बोटं दिसतात, मुलाच्या काखेत घट्ट रुतलेली. त्याच काचेच्या प्रिंटवर बोटं नाहीत. कुणीतरी पेन्सिल घेऊन, भिंग लावून, मोठ्या कसबानं ती घालवली आहेत. त्या कसबाला मी नमस्कार करते, पण ते भलत्या कामी खर्ची पडलं.

आता मला आलेला एक अनुभव सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी एका घरी बाळाच्या आंघोळीचे फोटो काढायला गेले होते. आंघोळ घालणारी बाई पाटावर बसलेली, पाय लांब केलेले, नडग्यांवर बाळ पालथं. ऊन पाणी ओतताना तिचा डावा हात बाळाच्या कपाळाखाली होता, म्हणजे पाणी नाकातोंडात जाऊ नये. कोपरापासून मनगटापर्यंत गोंदलेलं, कातडीला तेल आणि हळद मुरलेली, काचेच्या दोन बांगड्या वर सारलेल्या. मोरीच्या झरोक्यातून जेवढा उजेड आला तेवढाच. त्यानंतर तिनं धुरी दिली; धुरीला आता डॉक्टर नको म्हणतात आणि ते बरोबरच आहे. पण तो हात! एवढ्याशा मानेखाली तळवा कसा द्यावा, हे मी त्या हाताकडून शिकले.

तो फोटो मी एका प्रदर्शनाला पाठवला. परत आला. सोबत परीक्षकांचा शेरा होता: बाळाचा चेहरा सुंदर, हात काढून टाकता आला असता. प्रदर्शनाचं नाव मी घेत नाही, तो शेरा मात्र मला तोंडपाठ आहे.

त्या फोटोतलं बाळ म्हणजे मुलगी; पुढे ती मोठी झाली आणि स्वतःच्या बाळाच्या फोटोसाठी माझ्याकडे आली. तोच फोटो तिनं बरोबर आणला होता. विचारत होती, हा हात कुणाचा? तिच्या आईनं गोंदणावरून ओळखला. त्या अख्ख्या गल्लीतली पोरं न्हाऊमाखू घातलेल्या त्या बाईचा कुठल्याही घरात फोटो नव्हता. बारशाच्या फोटोत ती स्वयंपाकघरात असायची. त्या परीक्षकांचं ऐकलं असतं, तर तिची तेवढीही खूण उरली नसती.

तुमच्यातले काहीजण म्हणतील, बाई, गिऱ्हाईकालाच हात नको असतो. माझा अनुभव निराळा आहे. बाळंतीण म्हणते, मी नको, माझा अवतार बघा. खरंच रात्र रात्र जागलेली असते. तिला मी म्हणते, चेहरा राहू दे, हात दे. तिचा तळवा बाळाच्या छातीवर ठेवते. बाळाला आधार सुटल्याचा भास झाला की ते दचकतं, दोन्ही हात फेकतं आणि रडतं. छातीवर हात असला की शांत राहतं. हे आपल्या सगळ्या बेबी फोटोग्राफरना माहीत आहे. म्हणून तर ते हात ठेवून बाळाला निजवतात, मग एकेक बोट हलकेच उचलतात आणि हात बाजूला झाला की बटण दाबतात. माझं म्हणणं एवढंच, की बोटं उचलायच्या आधी बटण दाबा.

नवजात बाळाला वीस ते तीस सेंटिमीटरवरचंच नीट दिसतं. पदराखालून आईच्या चेहऱ्यापर्यंत साधारण तेवढंच अंतर भरतं. म्हणजे टोपलीत निजवलेल्या बाळाला आपण ज्या लोकरीच्या, फुलांच्या, चांदण्यांच्या सजावटीत ठेवतो, त्यातलं त्याला फारसं काही नीट दिसत नाही. आईच्या हातात असतं तेव्हा तिचा चेहरा दिसतो. बाळाचे उघडे डोळे हवे असतील तर ते तिथेच मिळतात.

नैसर्गिक उजेड की स्टुडिओतले दिवे, यावर काल दोन तास वाद झाला. सव्वा महिना बाळ घराबाहेर काढत नाहीत अशा घरी जा, खिडकीशी आईला कडेनं बसवा, समोर पांढरं धोतर धरा. वाद मिटतो. एआयबद्दलही चिंता व्यक्त झाली. चंद्रावर निजलेलं बाळ आता कुणीही घरबसल्या करून घेतो. खुशाल घ्यावं. पण जे चित्र मुळातच आधाराशिवाय आहे, तेच आपण इतकी वर्षं विकत असू, तर यंत्रानं आपलं गिऱ्हाईक नेलं म्हणून रडायचं कशाला? आजीच्या हाताचं गोंदण आजीसमोर बसल्याशिवाय मिळत नाही.

जाता जाता, स्टुडिओच्या ऑनलाइन पानावर बाळांचे फोटो लावणाऱ्यांना दोन शब्द. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या १७व्या कलमाप्रमाणे, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक गिऱ्हाईक असतो. डिजिटल वैयक्तिक माहितीविषयीचा २०२३चा कायदाही अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. लेखी विचारा आणि मगच लावा.

कामं पुष्कळ आहेत. बाळ कसं धरावं, खोली किती उबदार ठेवावी, कोणत्या पोज कदापि देऊ नयेत, याचं एक पानी पत्रक मराठीत निघावं. बालरोगतज्ज्ञांना त्यात घ्यावं. गावोगावच्या बंद पडलेल्या स्टुडिओंतल्या काचा भंगारात जाताहेत, त्या वाचवाव्यात. यासाठी पैसा आणि माणसं कुठून आणायची, ते कार्यकारिणीनं बसून ठरवावं, मी हाताखाली राहीन.

मात्र एक गोष्ट आजच होण्यासारखी आहे. पुढच्या अधिवेशनाच्या स्पर्धेत नवजात बाळांच्या विभागात हात पुसलेला एकही फोटो स्वीकारू नये, आणि परीक्षकांना तसं लेखी कळवावं, असा ठराव मी मांडते. जेवणाच्या सुट्टीआधी आपण तो मंजूर करावा, ही माझी विनंती आहे.