बियाण्याचा वेळ

(प्रौढ साक्षरता वर्गाच्या अखेरच्या दिवशी एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



आज तुमचा वर्ग पुरा झाला. दिवसभर राबून तुम्ही रात्री इथे येत होता. कोणी पिकाला पाणी देऊन आले, कोणी भाकऱ्या थापून आले. आता तुम्हाला वाचता येते, सही करता येते. तुमचे मनापासून अभिनंदन.

मला दोन शब्द बोलायला सांगितले आहे. मी जुन्या मॅट्रिकचा माणूस. फार मोठे ज्ञान मजजवळ नाही. पण माझ्या हातून एक चूक झाली, ती मला ठाऊक आहे. तीच आज सांगतो. तुमच्या हातून ती होऊ नये, एवढ्यासाठी.

आधी एक प्रश्न विचारतो. खळ्यावर ज्वारीची रास पडली, म्हणजे आपले वाडवडील पहिल्यांदा काय करीत? विकायला पोती भरीत? नाही. टपोरे दाणे निवडून बियाणे बाजूला काढीत. राख लावून ते उतरंडीला जपून ठेवीत. मग घरचे, आणि मग बाजाराचे. आता पुष्कळ बी आपण दुकानातून आणतो. पण ही रीत तुम्ही विसरला नाही. "विकून उरेल त्याचे बियाणे करू," असे शहाणा शेतकरी कधी म्हणत नाही. कारण उरत काहीच नाही.

वेळेचेही तसेच आहे. माणसाने काम वाढवावे. धंदा वाढवावा. नोकरीत वर चढावे. यात वाईट काही नाही. पण घरासाठी आणि आपल्या जिवासाठी वेळ कोणता? आपण म्हणतो, "काम आटोपून उरेल तो." मंडळी, तो उरत नाही. तो बियाण्यासारखा आधीच बाजूला काढावा लागतो.

दुधाचा हिशेब

मी एका शाळेत मुख्याध्यापक होतो, तेव्हाची गोष्ट. सातवीतली एक मुलगी वरचेवर शाळा चुकवू लागली. मुलगी हुशार होती. हजेरीपटात तिच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणाच खुणा. मी तिच्या घरी गेलो.

बाप कष्टाळू माणूस. त्याची एक म्हैस होती. कर्ज काढून त्याने आणखी तीन घेतल्या होत्या. त्याने मोठ्या उत्साहाने मला हिशेब दाखवला. दुधाचे इतके आले. पेंडीचे इतके गेले. चाऱ्याचे इतके. बँकेचा हप्ता इतका. खाली शिल्लक दिसत होती.

मी विचारले, "अरे, पहाटे चारला उठून शेण कोण काढतं?"

"घरातली काढते."

"धारा कोण काढतं? चारा कोण कापून आणतं?"

"ती, आणि थोरली पोर."

"मग या हिशेबात त्यांची मजुरी कुठं मांडली आहेस?"

तो हसला. म्हणाला, "गुरुजी, घरच्या माणसांची कसली आली मजुरी!"

मी म्हणालो, "मजुरी देऊ नकोस. पण मांडून तर बघ. पोरीची शाळा गेली, तीही मांड."

त्या रात्री त्याने मांडून पाहिले. पुढच्या महिन्यात एक म्हैस विकली. सकाळच्या धारा आणि डेअरीची फेरी त्याने स्वतः घेतली. मुलगी शाळेत येऊ लागली. पैसा थोडा कमी झाला, हे मी लपवीत नाही. पण मुलगी दहावी पास झाली.

दुसऱ्याचा हिशेब मला लगेच दिसला. म्हणतात ना, दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही. आता माझे मुसळ सांगतो.

माझी गोष्ट

१९७७ साली मी शिक्षक झालो. नेमणूक मिळाली ती घरापासून दूर, डोंगरातल्या दोन शिक्षकी शाळेत. माझी पत्नी गावी राहिली. शेत होते, सासू-सासरे होते, पुढे दोन मुले झाली. ते सगळे तिने ओढले. मी शनिवारी सायंकाळी एस.टी.ने घरी यायचो आणि सोमवारी पहिल्या गाडीने जायचो.

मला वर चढायचे होते. मी शिकवण्या घेतल्या. जनगणनेचे काम केले, निवडणुकीचे केले. पतपेढीचा सेक्रेटरी झालो. पुढे मुख्याध्यापक झालो. लोक मान देऊ लागले. रविवारी घरी आलो की ओटीवर माणसे बसलेलीच असत. कुणाचा अर्ज लिहायचा, कुणाचे पत्र वाचून दाखवायचे. सगळे म्हणत, "गुरुजी फार परोपकारी."

आणि माझ्या पत्नीला वाचता येत नव्हते. लहानपणी ती दोन इयत्ता शिकली होती, ते सारे विसरली होती. मी तिला पत्र पाठवी. ते शेजारची मुलगी तिला वाचून दाखवी.

तिला शिकवावे, असे मनात येत नव्हते का? येत होते. मी म्हणायचो, "उन्हाळ्याच्या सुट्टीत बघू." सुट्टीत प्रशिक्षण निघायचे. मग म्हणायचो, "दिवाळीत." असे करीत अडतीस वर्षे गेली.

रमाबाई रानडे यांची गोष्ट मी वर्गात कितीदा तरी सांगितली असेल. १८७३ साली न्यायमूर्ती रानड्यांशी त्यांचे लग्न झाले, तेव्हा त्या लहान होत्या आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. रानडे मोठे न्यायाधीश. कामाचा डोंगर. तरी त्यांनी स्वतः पत्नीला शिकवले. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते पसंत नव्हते. तरीही शिकवले. पुढे रमाबाईंनी सेवासदनाचे काम उभे केले, पुस्तक लिहिले. हे सांगताना मुले टाळ्या वाजवीत. मलाही बरे वाटे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

२०१५ साली मी निवृत्त झालो. पेन्शनच्या कागदांसाठी आम्ही दोघे बँकेत गेलो. साहेबांनी कागद तिच्यापुढे सरकवला. ती म्हणाली, "मला सही येत नाही." त्यांनी शाईचा डबा पुढे केला. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "गुरुजी, तुमच्या घरी अंगठा?"

ते वाईट बोलले नाहीत. खरे तेच बोलले. तिने पदराला अंगठा पुसला आणि माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही. परत येताना गाडीत आम्ही एक शब्द बोललो नाही.

वेळ येतो कुठून?

दुसऱ्याच दिवशी मी पाटी घेऊन बसलो. ती म्हणाली, "आता म्हातारपणी मला काय कलेक्टर व्हायचंय?" मी आग्रह केला. मग म्हणाली, "बरं. पण जेवणं झाल्यावर भांडी असतात, आवराआवर असते. शिकू कधी?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वेळ आभाळातून पडत नाही. एकाला वेळ मिळावा, म्हणून दुसऱ्या कुणाचे तरी हात कामाला लागावे लागतात. मी अडतीस वर्षे वर चढलो, तो कुणाच्या हातांवर? तिच्या. आता माझे हात लागायला हवे होते. मी भांडी घासायला बसलो, तेव्हा तिला पाटी धरायला अर्धा तास मिळाला.

हे माझ्या एकट्याच्या घरचे नाही. भारत सरकारने २०१९ साली देशभर एक पाहणी केली. कोण दिवसाचा वेळ कशात घालवतो, हे विचारले. सहा वर्षांवरची माणसे धरली होती. तेव्हा असे दिसले, की शंभर बायका-मुलींपैकी ८१ जणी रोज बिनमजुरीचे घरकाम करतात. शंभर पुरुष-मुलग्यांपैकी फक्त २६ जण करतात. या बायका-मुलींचा घरकामात रोज सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो. म्हणजे सुमारे पाच तास. या पुरुषांचा जातो ९७ मिनिटे. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली. तेव्हा बायकांची मिनिटे २८९ भरली आणि पुरुषांची ८८. आता तुम्हाला आकडे वाचता येतात. तुम्हीच वजाबाकी करून पाहा.

आता बचत गट झाले आहेत. बायका पापड करतात, शिवण करतात, दुकान चालवतात. फार चांगले आहे. पण बाईचा धंदा वाढला आणि घरचे पाच तास तसेच राहिले, तर ती झोपेतून तास काढते. तिची झोप कमी करून आलेला पैसा ही बरकत नव्हे.

रविवार कसा मिळाला?

कोणी म्हणेल, "गुरुजी, तुमची पेन्शन आहे. आमचे हातावर पोट. आम्ही वेळ कुठून काढावा?" हे म्हणणे खरे आहे. काही वेळ एकट्याने निघत नाही. तो सगळ्यांनी मिळून मिळवावा लागतो.

मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी कामगाराला आठवड्याची सुट्टी नव्हती. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक गृहस्थ. त्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची सभा घेतली, संघटना बांधली, अर्ज केले. सहा वर्षे गेली. १८९० सालच्या एप्रिलमध्ये मोठी सभा भरली. तिच्यात दोन कामगार बायांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १८९७ साली प्लेगच्या साथीत लोखंडे वारले.

पाहा, एका रविवारासाठी माणसे सहा वर्षे भांडली. आणि मी माझे रविवार ओटीवर मोठेपणा मिरवण्यात घालवले.

जिवाचे काम

आणखी एक गोष्ट. घर आणि काम झाले. पण माणसाला स्वतःचा जीवही असतो. कुणाला भजन आवडते, कुणाला मृदंग, कुणाला रांगोळी. संसार वाढला की मृदंग खुंटीला लागतो. "आता कुठं वेळ?" असे म्हणतो, आणि पुढे पुढे चिडका होतो. आपण का चिडतो, हे त्याला कळत नाही.

बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या आसोद्याच्या. शेतातले आणि घरातले काम त्यांना चुकले नाही. तरुणपणीच विधवा झाल्या. जात्यावर, शेतात काम करता करता त्या गाणी रचीत. त्यांना लिहिता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि घरातल्या माणसांनी काही गाणी लिहून घेतली, म्हणून ती राहिली. १९५१ साली बहिणाबाई वारल्या. १९५२ साली पुस्तक निघाले. जी लिहिली गेली नाहीत, ती त्यांच्याबरोबर गेली.

तुम्हाला आता लिहिता येते. आईच्या ओव्या, बापाच्या म्हणी, आपल्या मनातले दोन शब्द वहीत लिहा. त्यातून पैसा मिळणार नाही. पण जीव हलका होईल.

वहीचे एक पान

म्हणून सांगतो, काम वाढवा. पण नवे काम हाती घेताना वहीत तीन प्रश्न लिहा. पैसा किती येईल? घरातल्या कुणाचे कष्ट वाढतील? आणि रोजचा कोणता तास जाईल? तिन्हींची उत्तरे घरात सगळ्यांपुढे वाचा. कारभारणीला विचारा, पोरांना विचारा. मग ठरवा. आणि अर्धा तास तरी बियाण्यासारखा आधीच बाजूला ठेवा. सुगीत तो मोडेल. पण सुगी सरली की पुन्हा धरा.

आता माझी गोष्ट पुरी करतो. आठ महिन्यांत माझी पत्नी वाचू लागली. एक दिवस तिने पेटी उघडली. आत माझी जुनी पत्रे होती. सगळी जपून ठेवली होती. एकेक अक्षर लावीत ती दुपारभर वाचत बसली. मग म्हणाली,

"अहो, यात बैलाची चौकशी आहे. खताची आहे. मामंजींच्या खोकल्याची आहे. माझी कुठं आहे?"

मी म्हणालो, "पत्र शेजारची पोर वाचणार. तुझ्यापुरतं काही कसं लिहू?"

ती म्हणाली, "मग तेव्हाच मला शिकवलं असतं तर?"

मंडळी, यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. मुले मोठी होऊन गेली. तिचे काळे केस गेले. ते दिवस काही केल्या परत येणार नाहीत. तुमचे अजून हातात आहेत.

ती आज इथे आली आहे. शेवटच्या रांगेत बसली आहे. मघाशी जेवताना तिने बजावले आहे, "भाषण लांबवू नका. आज भांड्यांची पाळी तुमची आहे."

तेव्हा पुरे करतो. रामराम.