सळई, पिंजरा आणि फासा



बारामती आणि इंदापूरच्या जिरायत पट्ट्यातली आपण माणसं. कालव्याचं पाणी खालच्या अंगाला गेलं. आपल्या वाट्याला आली मालदांडी ज्वारी, थोडी कपाशी आणि वर बघत बसणं. त्यातून कणीस भरलं की उंदीर येतो, आणि बागायतीत उसाच्या आडोशाला वाढलेलं रानडुक्कर रात्री आपल्या जिरायतीत उतरतं. ऊस दुसऱ्याचा, डुक्कर आपलं, असा हा हिशेब आहे.

म्हणून आज भावाबद्दल न बोलता सळईबद्दल बोलायचं ठरवलं. गावोगाव लोक घरीच पिंजरे करतात. त्यातले निम्मे पहिल्या हंगामातच वाकडे होतात, आणि दोष लोहाराला दिला जातो. खरी चूक सळई घेतानाच झालेली असते.

उंदराच्या पिंजऱ्याला दोन सुती, म्हणजे ६ मिलिमीटरची साधी गोल सळई पुरते. फूटभर लांब, सहा इंच रुंद आणि सहा इंच उंच सांगाडा करायचा तर खालची चौकट ३६ इंच, वरची ३६ आणि चार उभे तुकडे २४ इंच. एकूण ९६ इंच, म्हणजे आठ फूट. वजन अर्ध्या किलोच्या थोडं वर. हीच सळई ८ मिलिमीटरची घेतली तर वजन जवळजवळ दुप्पट होतं आणि उंदराला त्यानं काडीचाही फरक पडत नाही. पैसे मात्र आपले जातात. दुकानदार जाड सळई पुढे करतो तेव्हा हा हिशेब आठवा.

घराच्या बांधकामातून उरलेली पीळाची सळई पिंजऱ्याला वापरू नका. जुनी टॉर सळई कारखान्यातच पिळून कडक केलेली असते. आजच्या टीएमटी सळईचा गाभा मऊ असतो, पण बाहेरची साल कडक. काटकोनात आवळून वाकवली की कोपऱ्यावर बारीक चीर पडते. साधी सळई थंडच वाकते. खडूनं खूण करा, एक बाजू शिकंज्यात धरा, दुसऱ्या बाजूला हातभर पाईप चढवा आणि दमानं ओढा. हातोड्यानं ठोकून वाकवलं तर कोपरा चपटा होतो. खूण चुकली म्हणून परत सरळ करून पुन्हा वाकवायची हौस मोठी असते. एकदा चालतं, तीन-चारदा केलं की लोखंड त्याच जागी कडक होऊन तुटतं.

दाराच्या खटक्याला मात्र मऊ सळई चालत नाही. तिथं सायकलच्या चाकाची तार किंवा तसलीच ताठ तार लागते. ती वाकवल्यावर थोडी मागे येते, म्हणून हवी त्यापेक्षा जरा जास्त वाकवायची. भात्यात लाल केली तर तिचा ताठपणाच जातो आणि दार अर्ध्यावर लटकतं. जस्त चढवलेली तार तर विस्तवात घालूच नका, तो धूर छातीला वाईट. बाजूंना अर्ध्या इंचाची जाळी बांधा.

पिंजरा लावायचा कुठं? संध्याकाळी बांधावरची सगळी बिळं चिखलानं बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील ती नांदती. तिथं लावा. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून दोन रात्री दार बांधून ठेवा, तेल लावलेला भाकरीचा तुकडा आत टाका, खाऊ द्या. तिसऱ्या रात्री दार सोडा. हे काम ज्वारी पोटरीत येण्याआधी उरकलं पाहिजे. एकदा रानभर हुरडा झाला की तुमच्या भाकरीकडे कोण बघतो! आणि एकट्यानं करून उपयोग नाही. मादी तीन आठवड्यांत वितं, शेजारच्या बांधावरून आठवड्यात भरती होते. शिवार एकत्र हललं पाहिजे. मेलेल्या उंदराला उघड्या हातानं शिवू नका, पुरून टाका.

आता अवघड गोष्ट. डुकरासाठी काही जण क्लचच्या तारेचा फासा लावतात, काही जण गाडीच्या पाट्याचा चाप करून घेतात. राग आम्हाला समजतो. पंचनाम्याला कोणी येईपर्यंत कडबासुद्धा रानातून निघून गेलेला असतो. पण फाश्याला डोळे नसतात. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली झालं ते चिंकाऱ्यासाठी. इंदापुरात कडबनवाडीच्या माळावर चिंकारा आहे, लांडगा आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फासा लावणं म्हणजे शिकारच धरली आहे. चिंकारा किंवा लांडगा सापडला तर तीन ते सात वर्षं कैद. आणि रात्री दारं धरायला निघालेल्या आपल्याच गड्याचा पाय त्या चापात गेला तर? मेंढपाळाचं कुत्रं गेलं तर?

जनावर सरकारचं आणि नुकसान शेतकऱ्याचं, हा न्याय आम्हाला मान्य नाही. त्याचं भांडण भरपाईच्या अर्जावर, तालुक्याच्या दारात, चारचौघांत करायचं. नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढा, अर्ज द्या, पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

नमुन्याचे दोन पिंजरे मागच्या भिंतीपाशी ठेवलेत. एक साध्या सळईचा, एक टॉरचा. टॉरच्या पिंजऱ्याच्या कोपऱ्यांवरून बोट फिरवून बघा, चीर हाताला लागते.