डबा बंद पडला, तर आधी जमीन तपासा
(चंद्रपूर येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेत माझा विषय ‘घरातला नॅस सुरू होत नसेल तर’ असा छापला आहे. नॅस म्हणजे काय, त्यातल्या दोन डिस्क एकमेकींची प्रत कशी सांभाळतात, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्या चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत हा नॅसचा डबा बंद पडतो तो बहुतेकदा विजेपायी, आणि त्यातलं जे कायमचं जातं ते आपल्या घाईपायी.

मागून कोणीतरी म्हणालं, ‘आले अर्थिंगवर!’ (हशा) अजून आलो नाही, पण येणार आहे. गेल्या वेळी तक्रार झाली की विषय भरकटला. तो भरकटला नव्हता. विषय तोच होता, तो जमिनीखाली होता एवढंच.

तर बटण दाबलं, दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही. ज्या सॉकेटात डबा आहे तिथे आधी टेबल फॅन लावून बघा. फॅन फिरला, तर पुढचा संशय अॅडॅप्टरवर. इथे पुष्कळ लोक फसतात. मल्टिमीटर लावला, बारा व्होल्ट दिसले, म्हणून अॅडॅप्टर चांगला ठरवला. पण ते बारा व्होल्ट रिकाम्या हाताने दाखवलेले असतात. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागते त्या क्षणी तिला बारा व्होल्टवर दीड-दोन अँपिअर लागतात. एकदा फिरू लागली की त्याच्या निम्म्याहून कमीत भागतं. भरलेली बंडी जागची हलवायला बैलांना जो जोर लावावा लागतो, तो चालत्या बंडीला लागत नाही, तसंच हे. म्हातारा अॅडॅप्टर दिवा पेटवतो, डिस्कना हलवायची वेळ आली की बसतो. डबा पेटतो, विझतो, पुन्हा पेटतो. असं दिसलं की तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा अॅडॅप्टर लावून बघा. पिनेची जाडी आणि धन-ऋण जुळतंय ना, ते पाहून.

अॅडॅप्टर म्हातारा का होतो? त्यात कपॅसिटर असतात, आणि १० अंश तापमान वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. बहुतेक डबे भोवतालच्या ४० अंशांपर्यंतच चालावेत असे बनवलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, आणि डबा ठेवलेला असतो टीव्हीच्या कपाटात, दार लावून. दुर्गापूर-पद्मापूरकडच्यांनी तर पंख्यावर साचलेली कोळशाची धूळ ब्रशने काढावीच.

अॅडॅप्टर बदलूनही हालचाल नसेल, तर वायर काढा आणि बटण अर्धा मिनिट दाबून धरा. मग डिस्कवर एक, दोन असे आकडे टाका, दोन्ही बाहेर काढा आणि रिकामा डबा सुरू करून बघा. सुरू झाला तर दोष एखाद्या डिस्कचा किंवा अपुऱ्या विजेचा. नाहीच झाला तर मदरबोर्डावरचा तीन व्होल्टचा चपटा सेल आणि मेमरीची पट्टी तपासा. काही वेळा दोष जन्मजात असतो. २०१७ साली इंटेलच्या अॅटम सी-२००० चिपचं प्रकरण गाजलं. तिच्यातला घड्याळाचा संकेत काळाने बंद पडे आणि धडधाकट दिसणारं यंत्र उठायचंच नाही. अनेक कंपन्यांच्या यंत्रांत ती चिप होती. ते सोडून देतो.

आता घाईबद्दल बोलतो. वडशाकडचे माझे एक स्नेही झाडीपट्टीची नाटकं चित्रित करतात. झाडीपट्टी इथे कोणाला समजावून सांगायला नको. दिवाळी सरली की होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात गावोगाव मंडई, शंकरपट, आणि रात्री नाटक, ते उजाडेपर्यंत. वडसा-देसाईगंज या धंद्याचं गाव. तिथल्या मंडळांच्या कचेऱ्यांत तारखा ठरतात. २०२३ साली गडचिरोलीच्या परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांना कळलं की इथे असं काही आहे. (टाळ्या) पण त्या नाटकांचं पुढे काय होतं? कितीतरी संहिता छापल्याच गेल्या नाहीत. वहीत लिहिल्या, नटांनी पाठ केल्या, हंगाम संपला, वही कुठे गेली कोणी विचारलं नाही. कुठल्या गावात बाईने कोणतं पद कसं उचललं, विनोदी नटाने त्या रात्री समोरच्या सरपंचाला बोलण्यात कसं ओढलं, ते कुठल्याच कागदावर नसतं. चित्रण हीच त्याची एकमेव प्रत. माझ्या या स्नेह्यांनी अनेक हंगामांची चित्रणं एका डब्यात ठेवली होती. सगळी, आणि त्याच एका डब्यात.

जूनच्या तोंडावर पहिलं वादळ आलं, गडगडाट झाला, लाईन गेली. आली तेव्हा डबा गप्प. दुकानदार म्हणाला, ‘डबा मेला जी, डिस्क काढून पाहू.’ त्याने एक डिस्क विंडोजच्या संगणकाला जोडली. विंडोजला नॅसची मांडणी वाचता येत नाही. ते विचारतं, ही डिस्क फॉरमॅट करायची का? दुकानदाराने ‘हो’ दाबलं.

(सभागृहात कुजबुज) हो, असंच झालं. नशीब की दुसरी डिस्क अजून डब्यातच होती. ती आम्ही लिनक्सच्या संगणकाला जोडली. बहुतेक नॅस आतून लिनक्सच असतात, त्यामुळे त्यांची जोडी एमडीअॅडम या साधनाने बहुधा उघडता येते. फक्त वाचण्यापुरती उघडली, आणि नाटकं समोर आली. दोष निघाला अॅडॅप्टरचा. नवीन लावला, डबा चालू झाला. एका चुकीच्या बटणाने निम्मा आधार गेला होता, तोही डिस्क धडधाकट असताना.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरली आहेत. मग मी अर्थिंगवर येतोच. (हशा)

पहिल्या रांगेतल्या सरांनी मघाशी हळूच विचारलं, अॅडॅप्टरला दोनच पिना असतात, मग अर्थिंगचा संबंध काय? संबंध असा, की त्याच्याआधी तुम्ही जी महागडी सर्ज पट्टी लावता ती जादा दाब तिसऱ्या तारेने जमिनीत सोडायला बनवलेली असते. तिसरी तार जमिनीपर्यंत पोचतच नसेल तर पट्टीचं निम्मं काम संपलं. आपल्या किती घरांत तिसरी पिन नुसती शोभेला आहे, हे वायरमनला विचारा. आणि झटका फक्त सॉकेटातून येत नाही, लॅनच्या तारेतूनही येतो. म्हणून वादळ दिसलं की दोन्ही तारा काढा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी अॅप विजेची सूचना देतं, ते मोबाइलवर असू द्या.

मुख्य गोष्ट अशी. अर्थिंगचा खड्डा ओला असेल तर चालतो. मेअखेरीस जमीन कोरडीठाक, त्यामुळे अर्थिंग सर्वांत दुबळं. आणि नेमकं त्याच दिवसांत पहिल्या विजा पडतात. खड्ड्यात कोळसा-मीठ भरलं आहे म्हणून निश्चिंत राहू नका. उन्हाळाभर अधूनमधून बादलीभर पाणी ओता. जुने लाइनमन हे करायचे, आपण विसरलो.

कोणी म्हणेल, न्यूट्रल तुटला तर अर्थिंग काय करणार? बरोबर आहे, तिथे ते पुरेसं नाही. खांबावरचा न्यूट्रल सुटला तर २३०च्या जागी घरात चारशेच्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. त्यासाठी जादा दाबाला लाईन तोडणारं यंत्र बसवा. मी अर्थिंग हा सगळ्यावरचा इलाज आहे असं कधी म्हटलेलं नाही. तो पहिला इलाज आहे, एवढंच म्हणतो, आणि त्यावर ठाम आहे.

दुसरी चिठ्ठी आली. दोन डिस्क म्हणजे दोन प्रती नव्हेत, यावर सविस्तर बोलायचं राहिलं. एकच वीज दोन्ही डिस्क जाळू शकते. तिसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढून दुसऱ्या गावी ठेवा, नातेवाइकांकडे, मुलीच्या सासरी, कुठेही. भामरागड-एटापल्लीकडे नेटवर सगळं चढवण्याचा भरवसा धरता येत नाही, तिथे तर हाच मार्ग. ज्यांच्याकडे ग्रामसभेचे दावे, नकाशे, लोकांच्या आठवणींची ध्वनिमुद्रणं आहेत, त्यांनी हे मृगाआधी करावं. आणि या सभागृहात ज्यांचा डबा आजच्या घडीला बंद आहे, त्यांना हात जोडून सांगतो: त्यातली डिस्क आज रात्री कुठल्याही संगणकाला जोडू नका. आधी अॅडॅप्टर बदलून बघा.