प्रभावाचा नकाशा : हैदराबाद मुक्तिसंग्रामातील माणसे आणि त्यांची नाती

प्रभावी माणसांच्या संबंधांचा नकाशा दोन खुणांनी तयार होतो. माणूस किंवा संस्था म्हणजे बिंदू आणि दोघांमधले नाते म्हणजे रेषा. एका शाळेत शिकवणे, एका तुरुंगात असणे, एका संचालक मंडळावर बसणे, सोयरीक, देणेघेणे या प्रत्येक नात्याची रेषा वेगळी. पदाधिकाऱ्यांच्या यादीतून पद कळते. ते पद कुणाच्या बळावर उभे आहे, हे या रेषांमधून कळते.

या पद्धतीला शास्त्राचे रूप जेकब मोरेनो यांनी दिले. 1932 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील मुलींच्या सुधारशाळेतून अनेक मुली थोड्याच दिवसांत पळून गेल्या. मोरेनो आणि हेलन जेनिंग्ज यांनी कोणत्या मुलीला कुणाचा सहवास हवा आहे, हे मुलींनाच विचारून त्याचे आलेख काढले. पळून जाण्याची कल्पना मैत्रीच्या वाटांनी पसरली असावी, असे त्यातून दिसले. पुढे 1993 मध्ये जॉन पॅजेट आणि ख्रिस्तोफर ॲन्सेल यांनी पंधराव्या शतकातील फ्लोरेन्सच्या घराण्यांचे विवाह आणि व्यापारसंबंध असेच मांडले. एरवी एकमेकांशी न जोडलेली घराणी मेदिची घराण्यामार्फत जोडली गेली होती आणि त्या घराण्याची सत्ता या मधल्या जागेतून वाढली होती.

मराठवाड्यासाठी या पद्धतीचे सर्वांत समृद्ध क्षेत्र म्हणजे निजामाच्या राजवटीविरुद्धचा हैदराबादचा मुक्तिसंग्राम. निजामी राजवटीत राजकीय संघटनेवर कडक निर्बंध होते. त्यामुळे माणसे आधी शाळा, ग्रंथालये आणि भाषिक परिषदांतून एकत्र आली. आंध्र महासभा, महाराष्ट्र परिषद आणि कर्नाटक परिषद हे संस्थानातील तीन भाषांचे तीन समूह. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन 1937 मध्ये परतूरला भरले. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होत असतानाच तिच्यावर बंदी आली. तरीही तीन समूहांना जोडणारा पूल तीच ठरली.

मराठवाड्याच्या बाजूने पाहिले, तर नकाशात सर्वाधिक रेषा मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्याकडे येतात. संन्यासापूर्वीचे व्यंकटेश खेडगीकर, म्हणजेच स्वामीजी, हे कामगार नेते ना. म. जोशी यांचे सहकारी होते. म्हणजे मुंबईच्या कामगार चळवळीकडे जाणारी रेषा आधीच तयार होती. पुढे ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले. 1921 मध्ये सुरू झालेल्या या शाळेचा बिंदू विशेष महत्त्वाचा आहे. स्वामीजी आणि बाबासाहेब परांजपे हे तिथले सहकारी, आणि दोघांचीही नावे नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेशी जोडलेली दिसतात. औरंगाबादेत शिक्षकी सोडून चळवळीत उतरलेले गोविंदभाई श्रॉफ स्वामीजींचे निकटचे सहकारी झाले. शाळा हे या जाळ्याचे सांधे होते. विद्यार्थी आणि पालकांमार्फत शिक्षकाचे नाते कित्येक गावांशी जुळत असे.

1938 मध्ये उस्मानिया विद्यापीठात वंदे मातरम् म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकले, तेव्हा त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. शिक्षेमुळे संस्थानाबाहेर जाणाऱ्या नव्या रेषा तयार झाल्या. 1947-48 मध्ये संस्थानाच्या सरहद्दीवर लढ्याच्या छावण्या उभ्या राहिल्या, तेव्हा असे बाहेरचे संबंध कामाला आले. आजच्या हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्याचा मुलूख तेव्हा निजामाच्या परभणी जिल्ह्यात होता आणि शेजारी, संस्थानाबाहेर, रिसोड-वाशीमचा वऱ्हाड. पैनगंगेपलीकडच्या उमरखेडच्या छावणीत शंकरराव चव्हाण होते, तर चांद्याच्या छावणीत पी. व्ही. नरसिंह राव. 1991 मध्ये नरसिंह राव पंतप्रधान झाले आणि शंकरराव चव्हाण त्यांचे गृहमंत्री. दोघांच्याही रेषा मागे नेल्या की त्या स्वामीजींच्या वर्तुळात मिळतात.

इथेच पद्धतीची शिस्त लागते. समान भूतकाळामुळेच ती नेमणूक झाली, असे रेषा सिद्ध करत नाही. ओळख होती, एवढेच ती सांगते. शिवाय प्रत्येक रेषा स्नेहाची नसते. 1946 मध्ये बंदी उठल्यावर स्टेट काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी स्वामीजी आणि बुर्गुल रामकृष्ण राव यांच्यात चुरस झाली. एकाच संघटनेतले दोन प्रवाह त्यातून उघड झाले. म्हणून चांगल्या नकाशात रेषेसोबत तीन नोंदी हव्यात : नाते कोणते, कोणत्या काळातले आणि कशाच्या आधारावर. आठवण, पत्र, तुरुंगाची नोंद आणि अधिवेशनाचा वृत्तान्त यांचे वजन सारखे नसते.

दुसरी मर्यादा साधनांची. अध्यक्ष, चिटणीस आणि संपादक यांची नावे छापली जातात. भाकरी पोहोचवणारी बाई, निरोप नेणारा शेतमजूर आणि छावणीकडे वाट दाखवणारा गुराखी कागदावर क्वचित येतात. नकाशात ते नसले, तर प्रभाव फक्त शिकलेल्यांचा होता असा खोटा निष्कर्ष निघतो. मुक्तिसंग्राम गावागावांत टिकला तो अशाच माणसांच्या भरवशावर. त्यांच्याविना काढलेला नकाशा अर्धवट आणि अन्यायाचा ठरतो.

हीच पद्धत आजच्या सत्तेलाही लागू पडते. साखर कारखाना, जिल्हा मध्यवर्ती बँक, शिक्षणसंस्था आणि बाजार समिती यांच्या संचालकांची नावे सार्वजनिक असतात. ती शेजारीशेजारी मांडली की कोणते नाव किती ठिकाणी येते, हे कुणालाही तपासता येते. एकच नाव अनेक ठिकाणी येणे हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे. तो प्रश्न विचारण्याचा आधार आहे. उत्तर मिळेपर्यंत आरोप न करणे आणि आधार सापडल्यावर गप्प न बसणे, ही दोन्ही पथ्ये पाळली तरच असा नकाशा लोकशाहीच्या उपयोगी पडतो.

हिंगोली जिल्ह्यात या कामाची सुरुवात गावापासून करता येईल. मुक्तिसंग्राम पाहिलेली पिढी आता जवळजवळ संपली आहे, पण त्यांच्या आठवणी मुला-नातवंडांच्या तोंडी आहेत. प्रत्येक शाळेने आपल्या गावातली अशी नाती, सांगणाऱ्याच्या संमतीने आणि आधारासह, आताच लिहून ठेवावीत.