डार्विन, दशावतार आणि दहावीचे पुस्तक



जानेवारी २०१८ मध्ये वैदिक संमेलनासाठी औरंगाबादेत आलेले तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांतच चुकीचा ठरवला. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी कोठे लिहिलेले नाही, हा त्यांचा पुरावा! देशातील तिन्ही विज्ञान अकादम्यांनी त्याचा प्रतिवाद केला.

श्रद्धाळूंचा दुसरा पक्ष अधिक गोड बोलतो. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन ही उत्क्रांतीच होय, असे तो सांगतो. हाल्डेन यांच्यासारख्या शास्त्रज्ञालाही या क्रमाचे कौतुक वाटले होते. परंतु अवतार हेतुपूर्वक घेतला जातो. नैसर्गिक निवडीला हेतूच नसतो. म्हणजे डार्विनला नाकारणारे आणि त्याला पुराणात बसवणारे, दोघेही सृष्टीमागे योजक गृहीत धरतात. श्रद्धा म्हणून तो त्यांचा अधिकार आहे. डॉब्झान्स्की हे उत्क्रांतीचे थोर अभ्यासक स्वतः ईश्वर मानीत.

खरे भांडण आहे ते पाठ्यपुस्तकाचे. २०२३ मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व विज्ञानप्रेमींनी निषेधपत्रावर सह्या केल्या. बारावीच्या जीवशास्त्रात तो विषय आहेच, असे सांगण्यात आले. पण दहावीनंतर कामाला लागणाऱ्या, विज्ञानशाखेचे तोंडही न पाहणाऱ्या मुलामुलींनी तो कोठे शिकावा? डार्विन काय फक्त डॉक्टर होणाऱ्यांसाठी आहे?

आपल्या पुण्याच्या बालभारतीने २०१८ च्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात, दुसऱ्या भागात, ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पाठ पहिलाच घातला. नवी पुस्तके तयार होताना तो गळू नये, अशी लेखी मागणी प्रत्येक शाखेने शिक्षक संघटनांना बरोबर घेऊन आताच केली पाहिजे.