गाठ निघाली म्हणजे कॅन्सरच, असं नाही

वरळीच्या बीडीडी चाळीतून बोलतेय. इथल्या 160 फुटांच्या खोल्यांत गिरणी कामगारांच्या पिढ्या राहिल्या. बायका-मुलं पुष्कळांची गावी. त्यामुळे इथला रिपोर्ट गावाला पोचतो तो फोनवरून, एवढाच: "लिव्हरमध्ये गाठ आहे म्हणतात." मग रडारड. कुणी जमीन विकायला काढतं, कुणी म्हणतं, आता कशाला पैसे घालवता, घरी आणा.

जरा थांबा. दारूने खराब झालेल्या लिव्हरमधली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते.

वर्षानुवर्षं दारू पोटात गेली की लिव्हरला आतून वण पडतात, ते कडक होतं. डॉक्टर त्याला सिरॉसिस म्हणतात. पाटात दगडमाती साचली की एका वाफ्यात पाणी कमी, दुसऱ्यात जास्त जातं ना? तसंच रक्ताचं होतं. जिथे रक्त जास्त पोचतं तिथल्या पेशी वाढून गाठ धरते. ही साधी गाठ. ती पसरत नाही, सहसा काढावीही लागत नाही.

पण नुसत्या सोनोग्राफीत साधी कुठली आणि कॅन्सरची कुठली हे ठरत नाही. त्यासाठी शिरेतून औषध सोडून सीटी किंवा एमआरआय करतात. कॅन्सरची गाठ बहुतेकदा ते औषध पटकन घेते आणि पटकन सोडते. साधी गाठ पटकन घेते, पण सहसा तशी सोडत नाही. तरीही शंका उरली तर सुईने तुकडा काढून तपासतात, नाहीतर काही महिन्यांनी पुन्हा फोटो काढतात. म्हणून जुने रिपोर्ट आणि फिल्म गादीखाली दुमडून ठेवू नका. पुढच्या डॉक्टरला तुलना करायला तेच लागतं.

गाठ साधी निघाली की त्याच संध्याकाळी त्या आनंदात 'बसणारे'ही आहेत! सिरॉसिस आहे तोवर कॅन्सरचा धोका असतोच. दर 6 महिन्यांनी सोनोग्राफी करायचीच आणि दारू बंद. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना सांगूनच सोडावी. एकदम तोडली तर झटके येऊ शकतात.

आणखी एक. चहातून गुपचूप द्यायची दारू सोडवण्याची पावडर आणू नका. तसल्या औषधाने लिव्हरलाच इजा होऊ शकते, आणि ते पोटात असताना माणूस प्यायला तर जिवावर बेततं.

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, असंबद्ध बडबड, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. लगेच 108 ला फोन करा.